ओहोटीचं फाटक

फाटकावर मी बसते. राहेरा.
ही जमीन आमच्या घराण्याची, म्हणजे शे-दीडशे जणांची,
त्यातले निम्मे ऑस्ट्रेलियात.
ओहोटीच्या आधी दोन तास उघडायचं,
नंतर एक तास झाला की साखळी.
पाण्याला कुणाची भीड नाही,
म्हणून मलाही नाही.
पाटीवर तीन ओळी: तिकीट दहा डॉलर.
लाटेकडे पाठ करू नये.
कुत्र्यांना बंदी.

पाहुणे येतात घराएवढ्या गाड्या घेऊन,
काच खाली करूनच विचारतात, आणखी काय आहे इथं?
मी सांगते. रोज सांगते.
स्लोप पॉइंटला झाडं आहेत वाऱ्यानं एकाच बाजूला विंचरलेली,
शाळेच्या फोटोआधी आईनं थुंकी लावून बसवावेत तसे केस.
क्युरिओ बेला दगड झालेलं जंगल, पाणी हटलं की दिसतं.
खोडांवर बसू नका. (बसतातच.)
तिथंच दिवेलागणीला पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन घरी येतो,
एकटा, कचेरी सुटलेल्या कारकुनासारखा,
त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही.
वाळूत ओंडका दिसला आणि ओंडक्यानं जांभई दिली
तर तो समुद्रसिंह. वीस मीटर लांब.
आणि ओवाकात चीज रोल खा, गरम आहेत तोवर.
मग ते विचारतात, गुहा किती वेळाची?
जसा काही सिनेमाच.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी साखळी लावून झाली
आणि चिखलानं माखलेली एक पिकअप येऊन थांबली.
उतरला तो पाहुणा नव्हता.
डुगल्ड रिची. डोंगरापलीकडचा मेंढपाळ,
तेरा मैलांवर जन्मला, तेरा मैलांवर म्हातारा झाला.
"बघून येतो म्हटलं."
मी म्हटलं, पाणी आत शिरलं. उद्या या, तीन वीसला.
"उद्या सकाळी मुलगी येतेय न्यायला. ख्राइस्टचर्चला.
खोलीला खिडकी आहे म्हणते."
मग बुटाकडे बघत:
"कधी कातरणी, कधी कोकरं.
म्हणायचो, कुठं पळून जातेय ती."

रात्री एक वाजता साखळी काढली.
आयुष्यात पहिल्यांदा, आणि मावशीला कळलं तर शेवटचं.
राताच्या झाडांतून खाली उतरलो,
माझा टॉर्च पुढं, त्याचा श्वास मागं.
वाळू ओली, थंड, कुणाच्याच पावलांची नाही.
वारा थेट बर्फावरून आलेला,
मध्ये एकही देश नाही त्याला अडवायला.

गुहेला दोन तोंडं, आत एकच पोट.
टॉर्च वर केला तर छत सापडेना.
"हं," तो म्हणाला. "मोठी आहे."
मी पंधरा वर्षं लोकांची तोंडं बघतेय या दारात,
कुणी रडतं, कुणी फोन उंच धरतं,
एकदा एकानं लग्नाची मागणी घातली आणि ती नाही म्हणाली.
"मोठी आहे" एवढ्यावर
कुणी भागवलं नव्हतं.

मग त्यानं दोन बोटं तोंडात घातली.

शीळ. कड्यावरच्या कुत्र्याला बोलावतात ती,
लांब, शेवटी वर उचललेली.
डाव्या तोंडातून ती परत आली,
मग उजव्या, जरा उशिरा, जरा कोवळी,
लांबच्या टेकाडावर कुणीतरी ऐकून वळावं तशी.
"मॉस," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली."
मला नाही. हवेला.
आणि त्याचा हात गुडघ्याच्या उंचीवर
थांबून राहिला, तळवा उघडा.

मी घड्याळ बघितलं.
अजून पुष्कळ वेळ होता, तसं सांगितलं नाही.

वर आलो तेव्हा त्यानं दहाची नोट काढली,
मी घेतली. उपकार त्याला चालले नसते.
पिकअपचं पलीकडचं दार त्यानं उघडलं,
क्षणभर उघडंच धरलं,
मग लावलं.

लाल दिवे वळणाआड गेले.
पाटीकडे पाठ करून
मी साखळी लावली.