चार बोटं जागा

कोपरखैरणे, सेक्टर सात, इमारत सी-चौदा.
जिन्याखाली, मीटरच्या पेटीला लागून
दोन बाय तीनचा काळा फळा.
सेक्रेटरी व्हायला कुणीच तयार होईना
तेव्हा सगळे म्हणाले,
शेजवळबाईंचं अक्षर बरं आहे.
झाले.

पहिली सूचना :
‘मोरब्याच्या लाईनचं काम. उद्या दिवसभर पाणी नाही.
सभासदांनी नोंद घ्यावी.’
खाली सही, तारीख.
तारखेखाली चार बोटं जागा उरली.

तेवीस वर्षं रबाळ्याला डिस्पॅचमध्ये काढली मी.
खोकी किती, वजन किती, गाडी नंबर काय.
कागदावर जागा उरली की आडवी रेघ मारायची,
मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून.
त्याच सवयीनं खडू टेकवला
आणि रेघ मध्येच जरा वाकली.

मी तिला सरळ केलं नाही.
वाकली तिथून ती नळ झाली.
नळाला एक थेंब लावला,
पडावं की नाही, ठरत नसलेला.

मग ‘जिन्यात चपला ठेवू नयेत’ आलं.
चप्पल काढायची तर चप्पल कशी असते?
दुपारी सगळे झोपले असताना
मी तिसऱ्या पायरीवर बसले, चपलांसमोर.
दहा वर्षं यांना ओलांडून जातेय मी.
कडूंच्या मुलाची डावी टाच आतून झिजलेली.
वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई
पट्टा न सोडताच पाय काढतात,
मागचा भाग कायमचा दुमडलेला, थकलेल्या कानासारखा.
उजव्या अंगठ्याचा खड्डा प्रत्येकाचा वेगळा.
खडूनं त्यातलं एवढंसंच उतरलं.
बाकीचं माझ्याकडेच राहिलं.

कणसे खजिनदार.
वाशीच्या दाणाबंदरात जन्मभर खतावणी लिहिलेले.
म्हणाले, बाई, हा सूचना फलक आहे,
तुमचं अंगण नाही रांगोळीला.
चुकीचं नव्हते बोलत.
मी ओलं फडकं फिरवलं.

नंतरच्या सगळ्या सूचना कोरड्या.
टाकीची सफाई. थकबाकी. गच्चीची किल्ली.
पण डोळ्यांना कुणी सांगायचं?
ते कारल्याच्या चकतीत अडकायचे,
कुकरच्या झाकणावरच्या वाफेत अडकायचे,
समोरच्या इमारतीत वाळणारी एकच बाही
वाऱ्यानं कुणाला तरी बोलवायची, तिथे अडकायचे.
आमटी दोनदा करपली.
मुलगी फोनवर म्हणाली, आई, लक्ष कुठे असतं तुझं?
सगळीकडे, म्हटलं. पहिल्यांदाच.

आठव्या दिवशी थकबाकीच्या यादीखाली
एक कुलूप आपोआप आलं.
कणसे बघून गेले. बोलले नाहीत.
यादीत त्यांचंही नाव होतं.

रोज सुचतं असं नाही.
कधी पंधरा पंधरा दिवस काही येत नाही.
मेथी पेरली की तीन दिवस माती उकरायची नसते,
तसं मी नुसती जागा पुसून ठेवते.
पुसलेली जागा ओली असेपर्यंत
जास्त काळी दिसते. बरं वाटतं.

मध्यंतरी दहा दिवस मुलीकडे होते, दिव्याला.
परतले तर फळ्यावर कणश्यांचं अक्षर,
ताठ, एकाखाली एक, जणू बेरीज करायची आहे :
‘सोमवारी जंतुनाशक फवारणी. खिडक्या बंद ठेवाव्यात.
त्रिं. ग. कणसे (सेक्रेटरींच्या गैरहजेरीत).’
आणि खाली जागा सोडलेली.

मी पिशवी खाली ठेवली,
बोटं लावून पाहिली.
पाच भरली.
त्यांनी त्यांच्या बोटांनी मोजली असणार,
जाड आहेत त्यांची.

सोमवार उद्यावर आलाय.
डास काढावा का, बंद खिडकी काढावी,
की खिडकीबाहेर राहिलेला डास?
चारात मावेल असं बरंच ठाऊक झालंय मला.
हे पाचवं बोट नवीन आहे.
चहा ठेवते आधी.