गोड लागलं की सांगा

कंपनीनं मला एक टोपडं दिलंय, पांढरं,
खांद्यापर्यंत येणारं, पुढे पारदर्शक खिडकी असलेलं.
आणि एक रबरी फुगा.
दाबला की आत सॅकरिनचं धुकं सुटतं.
बुर्साच्या या बस-कारखान्यात
रंगाऱ्यांचे मुखवटे गालाला नीट बसतात की नाही
ते बघायचं काम माझं.

आधी मुखवट्याशिवाय.
तोंड उघडं, जीभ जरा बाहेर,
गोड लागलं की सांगा.
पोरं लाजतात. आयकुत तर तिसऱ्याच दाबाला ओरडला,
"नेबाहत ताई, आणखी दोन, उपाशी आहे!"
दहा दाबांत बहुतेकांना लागतं,
सर्दी झालेल्याला विसात.

फेरामुझ उस्ता आले ते दाढी करून.
मीच म्हणाले होते, केसाएवढी फट पुरते.
गाल दोन रंगांचे दिसत होते,
वर भाजलेला, खाली तान्ह्या पोराचा.
"बायकोनं दार उघडून विचारलं,
कोण हवंय आपल्याला?"
हसलो दोघंही. मग टोपडं चढवलं.

दहा.
वीस.
खिडकीमागे त्यांची जीभ, शाळेतल्या मुलासारखी आज्ञाधारक.
तीस.
टोपडं काढताना उरलेलं धुकं माझ्या ओठांवर आलं.
इतकं गोड की घसा धरला.

"लिही, लागलं," ते म्हणाले.
"दोन वर्षं राहिलीत माझी."

तेव्हा आठवलं:
चहात चार चौकोनी खडे टाकून
वर चहावाल्याला विचारायचे, साखर महागली का रे?
आणि आम्ही सगळे हसायचो.
ईदनंतर पाकवलेल्या चेस्टनटचा डबा आणायचे,
आम्हाला खाऊ घालून
आमच्या तोंडाकडे बघत बसायचे.
मला वाटायचं, माया.
माया होतीच. पण बघत दुसरंच काही होते.

सव्वीस वर्षं बसच्या पाठीवर आरसा चढवला या माणसानं,
तोंडाला बांधलेल्या फडक्यावर.
वास येतो तो थिनरचा. तो भुंकणारा.
चावणारा हार्डनरमध्ये असतो, मुका,
त्याचा वास येऊ लागेपर्यंत फार उशीर झालेला.
जुने म्हणायचे, होते सवय.
छातीला सवय होत नाही, ओळख होते.
एकदा ओळख पटली की शेजारच्या शेडमधला
एक फवारा पुरतो. विचारा झेकीला.
तो आता चौकात किल्ल्या करून देतो,
नवी रंगवलेली गाडी दिसली की फुटपाथ बदलतो.

मी लिहिलं: चव नाही.
खाली लिहिलं: ही चाचणी या माणसाला चालणार नाही,
कण मोजणारं यंत्र मागवा,
तोवर बूथमध्ये पाठवू नका.
उस्ता आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
पाने मोजायला बसवलं होतं त्यांना गोदामात.
मॅनेजरही बोलला नाही, पण त्याचं दुःख वेगळं,
यंत्राचं भाडं.

यंत्र आलं. साहेबांशी भांडून
कॉम्प्रेसरचं नाकसुद्धा हलवून घेतलं,
ट्रक धुरावत उभे असतात तिथून
मागच्या भिंतीला, उलुदागच्या बाजूला.
आता उस्तांच्या पाठीमागून नळी जाते,
निळी, लांब. वळताना ते ती पायानं
हळूच बाजूला सारतात, मांजर सारावं तसं.

पहिल्या दिवशी मी काचेवर टकटक केली.
हवा कशी आहे?
त्यांनी गन खाली ठेवली, बाहेर आले,
नळी उपसून माझ्या हातात दिली.
"मला काय विचारतेस, पोरी?
तूच हुंग."

रबराचा वास होता.
आणि मागे थोडा बर्फाचा,
किंवा मला तसं वाटलं.
तसं सांगितलं त्यांना.
"कुठला बर्फ," म्हणाले, "वरचा की पायथ्याचा?"
आणि उत्तरासाठी खरंच थांबले.