वाऱ्याचा डोळा

ब्रिडलिंग्टनला राहायला आले त्या जानेवारीत
मागच्या खोलीची खिडकी उघडेना.
आधीच्या भाडेकरूंनी रंगावर रंग फासून
तिच्या पापण्याच चिकटवल्या होत्या.

ऑक्स्टबी आला. काचा बसवणारा, सत्तरीचा,
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
पातळ सुरी फटीतून ओढत म्हणाला,
विंडो म्हणजे काय, ठाऊक आहे?
म्हटलं, खिडकी.
पाढा चुकल्यावर मास्तर हसतात तसा हसला.

वाऱ्याचा डोळा, म्हणाला.
उत्तरेच्या समुद्रावरून आले ते लोक,
लुटायला आले आणि राहूनच गेले,
त्यांच्या होडीतून उतरलेला शब्द.
काच कुठली त्यांच्याकडे! छपराला एक भोक,
धूर बाहेर जायचा, वारा आत डोकवायचा.
इथल्यांचा आपला वेगळा शब्द होता त्याआधी.
तो बुडाला.

मी चहा पुढे केला.
आमच्याकडे वातायन, म्हटलं, वाऱ्याची वाट.
आणि गवाक्ष, गाईचा डोळा.
(शाळेतल्या निबंधानंतर
हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडाने उच्चारत होते,
तोही कुणापुढे, तर ऑक्स्टबीपुढे.)

त्याने सुरी खाली ठेवली.
बापाच्या बावीस गाई होत्या, ड्रिफिल्डच्या अलीकडे.
लाळ्या-खुरकताची साथ आली,
सरकारी माणसांनी एका सकाळीच संपवल्या.
शेवटची उभी होती तिच्या डोळ्यात
मी मला पाहिलं, म्हणाला. एवढासा.
माझ्यामागे गोठ्याचं दार. दारात ते.

मग चहा संपेपर्यंत
कुठल्याच शब्दाचा अर्थ त्याने सांगितला नाही.

साडेअकराला चौकट कडकडली आणि सुटली.
मीठ, डिझेल, कुजक्या शेवाळाचा वास
भसकन आत आला,
टेबलावरचं गॅसचं बिल उडवून
थेट जिन्याखाली गेला,
जसं काही घर त्याच्या ओळखीचं.
आम्ही दोघं कोट चढवून नुसते बसलो त्यात.

दुपारी त्याने दुहेरी काच बसवली.
आता वारा यायचा नाही, म्हणाला,
कुणाच्या घरचं वाईट कळवावं तशा आवाजात.
जुनी चौकट गाडीत आडवी टाकून घेऊन गेला.
फेकणार का, ते विचारायचं राहिलं.

पावती अजून आहे, चहाचा डाग पडलेली.
विंडो, एक नग.
मजुरी वेगळी.