काटा

तीन आठवडे झाले, पिठाचा काटा पीठ मोजत नाही.
त्याच्यावर मी मोजे ठेवते. बहात्तर ग्रॅम.
टूथब्रश मधोमध कापला, सहा ग्रॅम वाचले.
दारातून लायल म्हणाला,
दातसुद्धा ठेवून जा ना घरी थोडे.

एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली मी या खोऱ्यात.
पिवळी, बारा टनांची, रोज तोच रस्ता.
ट्रुहियोंच्या कुंपणाशी दोन मुलं,
बटाट्याच्या गोदामाशी पाच,
पुलापलीकडे धाकटी ओफेलिया,
जी रोज एक बूट हातात घेऊन चढते.
बारा टनांचा विचार कधी शिवला नाही मनाला.
आता बारा ग्रॅमसाठी रात्री दोनला उठते,
नकाशाच्या कोऱ्या कडा कात्रीने उतरवते.

सायकलवाला नेस्टर टायरमध्ये
दुधासारखं पांढरं औषध ओततो,
चाक हलवतो, कानाशी धरून ऐकतो.
काटा घुसला तर आपोआप बुजेल, म्हणतो.
आणि चीर पडली तर?
तर शिवायचं. सुईदोरा घेतलास?
सुईदोरा, चार ग्रॅम. घेतला.
पैसे मात्र तो घेत नाही.
वहीत माझ्या नावापुढे आकडा लिहितो,
मोठ्ठा,
दुरून वाचता यावा असा.

शेजारची ओर्लिंडा आली
हिरव्या मिरचीच्या तमालांची परात घेऊन.
परात काट्यावर ठेवली.
काट्याने हात टेकले.

कशाला जातेस, हे सगळेच विचारतात.
सत्तेचाळीसाव्या वर्षी, एकटी, नऊ दिवस,
अकरा हजार फुटांवर,
जिथे जुलैतली वीज आमच्या बसपेक्षा वेळ पाळते
आणि दुपारच्या आत कड्यावरून उतरावंच लागतं.
मी म्हणते, सुट्टी आहे.
खरं म्हणजे, घरी परतताना तो डोंगर
मी एकोणीस वर्षं आरशात पाहिला,
मुलांच्या डोक्यांवरून,
डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.
एकदा सुलटा बघायचा होता.
हे ओर्लिंडाला सांगितलं असतं तर
ती म्हणाली असती, मग मान वळव की गं.

पहाटे पाचला लायलने पिकअपमधून सायकल उतरवली.
आधीच घट्ट असलेला पट्टा पुन्हा ओढला.
पाणी?
आहे.
शिट्टी?
गळ्यात.
मग त्याने मागचं चाक उगीच अंगठ्याने दाबून पाहिलं,
खरबूज दाबतात तसं,
आणि गाडी वळवली. दिवे झाडांवरून फिरले
आणि गेले.

लादलेली सायकल ओळख देत नाही.
हँडल एकीकडे, तिचं मन दुसरीकडे.
पहिला चढ तीनशे मीटरवर.
तिथेच उतरले. ढकलत नेली.
एका वळणावर पाय घसरून दोघी मागे आलो
आणि डोक्यात बस रिव्हर्स घेतानाचा
पीप पीप आपोआप सुरू झाला.
वरच्या दगडावरून मार्मोटने शिट्टी मारली.
मीही मारली. गळ्यात होतीच.

अॅस्पेन संपले, फरची झाडं लागली,
मग थोडा सपाट पट्टा आला, अरुंद, मऊ, सुयांनी भरलेला,
आणि सायकल एकदम माझी झाली.
किती वेळ? चार मिनिटं असेल.
मी दात विचकून हसत होते, दातांवर चिलटं.

ठरवले होते चाळीस किलोमीटर. झाले अठरा.
ओढ्याशी तंबू ठोकला,
अन्नाची पिशवी टांगायची फांदी हेरून ठेवली,
अस्वलाच्या हाताला न लागणारी, माझ्याही न लागणारी.
तमालं दुपारीच संपली होती. राजमा उकळला.
मग चमचा शोधला.
सगळं उलटं केलं, मोजेसुद्धा झटकले.
टायटॅनियमचा, बावीस डॉलरचा, नऊ ग्रॅमचा.
सगळ्यात शेवटी मोजला होता.
काटा घरी,
आणि काट्यावर चमचा.
लायल आत्ता त्यानेच आइस्क्रीम खात असणार.

टायर काढायच्या पट्टीने राजमा खाल्ला.
रबराची चव, तिखट बरं होतं.
पट्टी धुवायला उठवेना.
पंक्चर झालंच,
तर आधी भांडी घासावी लागतील.