खांब

समर्थ मंदिराकडून राजवाडा स्टँडकडे
एसटीची वेगळी लेन, तांबड्या रंगाची,
आणि तिच्या तोंडाशी जमिनीत दडून बसलेला तो.
एसटी आली की खाली जातो, गेली की वर येतो.
कमरेएवढा. अंगावर पिवळे पट्टे.
मी समोरच्या केबिनमध्ये. आयटीआय, इलेक्ट्रिशियन.
सहा ते दोन. कंत्राटी.

लहानपणी आईनं धोमला नेऊन नरसिंह दाखवला होता.
खांब फोडून देव आला, म्हणाली.
इथं रस्ता फोडून खांबच येतो.
आत देव आहे की नाही
ते बंपरला विचारावं.

आधी इथं दडस हवालदार असायचे.
शिट्टी तोंडात, नजर ओळखीच्या शोधात.
गाडी अडवायची आणि विचारायचं, ‘कुठलं पाव्हणं?’
‘रहिमतपूर.’
‘रहिमतपुरात कुणाचं?’
तोवर आणखी तीन गाड्या लेनमधून पसार,
मागं परळीची एसटी घरघरत उभी,
तिच्यात आनसाबाई, मांडीवर दह्याचं गाडगं,
आणि तिचं गिऱ्हाईक डेअरीची पिशवी घेऊन घरी पोचलेलं.

आता परळी गाडी अकरा मिनिटं आधी लागते.
आनसाबाई खिडकीतून खांबाला हात जोडते.
बटण कुणाकडं आहे, तिला काय त्याचं.

लोखंडाला आडनाव कळत नाही.
हे मला फार आवडायचं.
एकदा नगरपालिकेचीच जीप अडली, अर्धा तास हॉर्न,
त्या दिवशी घरी जाताना मी पाव किलो कंदी पेढे घेतले.

मग मार्गशीर्षातला एक गुरुवार.
इर्शाद बागवानचा छोटा हत्ती, लग्नाची भांडी परत करायला निघालेला,
एसटीच्या शेपटीला चिकटून आत घुसला.
सगळेच घुसतात. पाटी आहे, पाटी कोण वाचतं.
सेन्सरनं एसटीचं शेवटचं चाक मोजलं
आणि खांब आपल्या वेळेला उठला.
आधी आवाज. मग पातेली.
एक मोठं झाकण गोल गोल फिरत
पेढेवाल्याच्या पायरीपर्यंत गेलं आणि तिथंही
बराच वेळ थांबेना.

कपाळाला तीन टाके. गाडीला बेचाळीस हजार.
गाडीचे हप्ते अजून चौदा.
पावती फाडली असती तर पाचशेत भागलं असतं.

रिपोर्टात मी लिहिलं: खांब नियमाप्रमाणे वर आला.
एक अक्षर खोटं नाही.

पावतीशी भांडता येतं.
साहेबांना भेटता येतं, हातापाया पडता येतं,
नाहीच तर फ्रीजवर चिकटवून महिना ढकलता येतो.
खांब आधी शिक्षा देतो, सुनावणी त्याच्याकडं नाही.
पण ज्यांना पाचशे म्हणजे लेनचं भाडं
ते रोज भरतील आणि रोज येतील,
आणि आनसाबाईचं दही पुन्हा मागं.
म्हणून खांब.
आणि खांबावर चढलेला मात्र छोटा हत्ती.
असं फिरत राहतं डोक्यात,
डबा उघडा, भेंडी गार.

इर्शाद परवा आला. वाटलं, शिव्या देईल.
खिडकीवर हात टेकून म्हणाला,
‘ताई, तुम्ही बघत होता ना?’

बघत होते.
शेवटचं चाक आणि खांब यांच्यात चार सेकंद असतात.
लाल बटण माझ्या गुडघ्यापाशी. दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं.
चार सेकंद पुरतात.
मी मनात म्हटलं होतं,
कळू दे एकदा कुणाला तरी.

हे त्याला सांगितलं नाही.
चहा घेता का, विचारलं. नको म्हणाला,
टाके ओले होऊ द्यायचे नव्हते की काय कोण जाणे,
रुमाल कपाळावर धरून उन्हातून निघून गेला.

दोनला शिफ्ट संपते.
मी लेनच्या कडेनं चालत घरी निघते.
खांब तेव्हा खाली असतो, रस्त्याशी सपाट,
तरी तिथं आलं की पाय जरा उंच उचलला जातो,
उंबरा ओलांडावा तसा.