तिसऱ्या टेबलावरून

मी झुल्मा. वय त्रेसष्ट.
आज माझं काम एवढंच:
माँटेव्हिडिओच्या जुन्या बाजारामागच्या या कॅफेत
शब्दकोडं उघडून बसायचं
आणि नाहीरकडे बघायचं नाही.
म्हणजे बघायचंच,
पण बघतेय असं दिसू द्यायचं नाही.

नाहीर दात बनवते. लोकांचे, खोटे.
दिवसभर अनोळखी जबडे हातात उलटसुलट करते,
म्हणते, माणूस हसला की मला आधी त्याची दाढ दिसते,
स्वभाव नंतर.
अ‍ॅपवर पहिल्याच ओळीत तिनं लिहून ठेवलंय:
मी ट्रान्स बाई आहे. इथे चौकशीची खिडकी नाही.
तरी येतातच.
आधीचं नाव काय होतं गं?
ऑपरेशन कुठवर आलंय?
अकरानंतर गाडी घेऊन येतो, कुणाला बोलू नकोस.
ती ब्लॉक करते
आणि कुणाच्या तरी आजोबांच्या कवळीला पॉलिश करायला घेते.

हा हेबेर लिफ्ट दुरुस्त करतो.
तीन आठवडे त्यानं लिफ्टबद्दलच लिहिलं.
चौथ्या-पाचव्या मजल्यांमध्ये अडकलेल्या एका बाईनं
बंद दारातून त्याला भोपळ्याचा मुरांबा शिकवला म्हणे.
मग एका रविवारी विचारलं,
तुला कुठे भेटायला बरं वाटेल?
तो "बरं" मी तिच्या फोनवर चष्मा पुसून
दोनदा वाचला.

नियम माझे.
भेट उजेडी, परतीची बस आपली आपण,
आणि ठरलेल्या वेळी मी विचारणार, मांजर जेवलं का?
मांजर आमच्याकडे नाही. कधीच नव्हतं.
"जेवलं" आलं तर ठीक,
"शोधतेय" आलं तर मी खुर्ची पाडून उठणार.
नाहीर हसते माझ्या नियमांना.
हसू दे.
त्यातल्या एकेका नियमाखाली
माझी एकेक मैत्रीण पुरलेली आहे.

आडवे सात, पाच अक्षरी: "न लपता".
सुचत नाही.

आला. कानटोपी हातात, केस विस्कटलेले,
जूनचा वारा नदीवरून त्याच्या मागोमाग आत शिरला.
नाहीर मागच्या कोपऱ्यात बसली होती, खांबाआड,
सवयीनं. तिथे कुणी बघत नाही.
तो काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही.
मग दोघं उठली
आणि काचेपाशी जाऊन बसली.

काचेपाशी.
बाहेरून शाळेतली पोरं चालली होती,
ब्रेडवाला, एक बाई कुत्र्याला ओढत,
आणि तो तिच्यासमोर बसून साखर विरघळवत होता,
जगाकडे पाठ न करता.

लष्कराच्या काळात मी बुलेव्हारवर उभी राहायची.
गाड्या दिवे मालवून यायच्या.
माझ्यावर प्रेम केलं नाही असं नाही कुणी,
केलं. एकानं तर चार वर्षं केलं,
मागच्या सीटवर, पडदे ओढलेल्या खोलीत,
त्याच्या आईच्या श्राद्धालासुद्धा
मी रस्त्यापलीकडे उभी होते, भाजीवालीसारखी.
खिडकी कुणी दिली नाही.
मागायची असते हेही ठाऊक नव्हतं.

तो तिचा हात धरत नाहीये.
विचारतोय बहुतेक, कारण ती मान हलवते,
आधी नाही अशी, मग थोड्या वेळानं
दुसरीच.
तिनं त्याच्या दातांकडे बघितलं,
मी पाहिलं,
आणि मग वर, डोळ्यांकडे.

पाच वाजले. मी टाइप केलं, मांजर जेवलं का?
उत्तराला चार मिनिटं लागली.
त्या चार मिनिटांत मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून होते.
मग आलं:
जेवलं. अजून अर्धा तास खेळायचं म्हणतंय.
तुझ्या कॉफीचे पैसे हेबेरनं दिलेत.
मी त्याला सांगितलं होतं तू असशील.
म्हणाला, असायलाच हवं कुणीतरी.

मी शब्दकोडं मिटलं. सात आडवे तसंच राहिलं.
बाहेर पडले,
पण घरी नाही गेले.
समोरच्या बसथांब्यावर उभी राहिले, मफलर नाकापर्यंत ओढून.
एक एकशेएकवीस सोडली,
दुसरीही सोडली.
माणूस बरा वाटतो.
नियम तो नियम.
आणि शिवाय इथून
काच छान दिसते.