चौकशी खिडकी

एकतीस वर्षं या काचेमागं बसून
मी लोकांना गावाबाहेर काढत आलो.
"प्रवाशांनी कृपया लक्ष द्या" म्हणत
वेरूळला पाठवलं, तुळजापूरला, औंढ्याला, माहूरला,
शिर्डीचं तर विचारूच नका.
माझा आवाज सगळ्या गाड्यांत चढला.
मी नाही.

परवा दुपारी एक बाई खिडकीशी आल्या,
खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याला दोरी.
वणीच्या निघाल्या, पोस्टातून रिटायर.
अंबाजोगाईची गाडी पंक्चर, तीन तास उशीर.
"भाऊ, तोवर तुमच्या बीडात
काय आहे हो बघण्यासारखं?"

हे कुठल्या फलाटावर लागतं
मला ठाऊक नव्हतं.

"इथं काय असणार ताई," तोंडातून निघूनच गेलं,
"ऊन, धूळ, नि कारखान्याकडं निघालेले ट्रक."
मागं कॅन्टीनचा रऊफ कपबशा विसळत होता,
तो तिथूनच ओरडला,
"क्या साहेब! कंकालेश्वर सांगा की!"

मग मी रद्द झालेल्या वेळापत्रकाच्या पाठीवर
गाव काढायला घेतलं.
आधी बिंदुसरा, एक वाकडी रेघ.
पाणी नसलं तरी रेघ ओढावीच लागते,
एकोणनव्वद साली तिनं गावाला ते शिकवलंय.
रेघेपलीकडं चौकोन, म्हणजे तळं,
तळ्याच्या मधोमध देऊळ.
"भिंतीवर बाया कोरल्यात, हातात हत्यारं.
आम्ही पोरं पोहायला जायचो तर
त्यांच्याकडं पाठ करून कपडे काढायचो."
त्या हसल्या. मला चेव आला.
टेकडीवर खंडोबा काढला, त्याच्या दोन दीपमाळा,
एका घरात पडून बोलणं टाकलेल्या
जावांसारख्या उभ्या.
वेशी काढल्या, दर्ग्याचा घुमट काढला,
कागद संपला.
"आणि खजाना विहीर! राहिलीच की.
गावाबाहेर, सोलापूर रोडला.
पाणी चढत नाही नि आटत नाही म्हणतात."

"म्हणतात?" बाईंनी चष्मा वर केला.
"तुम्ही बघितली असेल ना?"

बघितली होती.
चौथीत, शाळेच्या सहलीत.
माझी डावी चप्पल पडली होती आत,
आणि घरी येऊन मार खाल्ला होता
उजवीनं.
नंतर सेहेचाळीस वर्षं
तिकडून फक्त गाड्या गेल्या.

पावणेसहाला बाई परत आल्या,
लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला,
हातात दोन सीताफळं.
एक काचेखालच्या फटीतून आत सरकवायला गेल्या,
मावलं नाही, दारानं आणून दिलं.
छान आहे, सुंदर आहे, काही बोलल्या नाहीत.
गाडीत चढता चढता एवढंच,
"तुमची चप्पल काही दिसली नाही हो."

रविवारी मी गेलो.
तिकीट नाही, रांग नाही,
पाटीवरची अक्षरं उन्हानं खाल्लेली.
वर एक पोरगं शेळ्या राखत मोबाईल बघत होतं,
त्यानं एकदा मान वर केली, हा कोण नवा पाहुणा.
चप्पल काढली, दोन्ही, वरच ठेवली,
एकीवर दगड.
खाली उतरलो तसं ऊन मागं राहिलं.
पाणी तिथंच होतं,
माझ्या आठवणीत होतं त्याच पायरीला.
भिंतीत काळोखाची तोंडं उघडी,
कोणी सांगावं कुठून येतात, कुठं जातात.
आजूबाजूला कोणी नाही असं बघून
हळूच म्हणालो,
"प्रवाशांनी कृपया लक्ष द्या."

विहिरीनं ते आत घेतलं.
मी वाट बघितली.
परत आलं, जरा उशिरा,
आणि पुढं कुठल्याच गावाचं नाव नव्हतं.

पाय सोडून बसलो.
मासोळ्या टाचा कुरतडायला लागल्या.
फोन वाजला, बायको.
"कुठं गेलाव? जेवायचं नाही का?"
"इथंच," मी म्हणालो,
"बीड बघायलोय."